जी कुंडी तू आईसाठी फोडली नाहीस

मौ टेकडी,
गव्हाला नुकती लोंबी धरतेय

प्रिय दलिनदादा,

तुझं पत्र मिळालं. तालुक्याहून मीठ आणणाऱ्या गाडीवानाने ते आणून दिलं आणि जाता जाता म्हणाला, "जिनानच्या मास्तरांचं अक्षर म्हणजे काय बघायचं काम नाही." अक्षर तुझं सुरेखच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या सुरेख अक्षरात तू लिहिलंस की जिनानच्या ख्रिस्ती मंडळीत तुला पंच म्हणून निवडायचं घाटतंय, पण बाबांच्या अंत्यविधीची गोष्ट कुणीतरी तिथवर पोचवली आहे, आणि म्हणून रविवारी दोन पंच आपल्या गावी चौकशीला येतील. त्यांना मी एवढंच सांगायचं, की राखेची कुंडी फोडायला तुला बाबांनीच सांगितलं होतं. शेवटच्या दुखण्यात म्हाताऱ्याचं मन पुन्हा जुन्या रीतीकडे वळलं आणि तू मुलगा म्हणून त्यांचा शब्द राखलास. "तुला फार बोलायचीही गरज नाही, नुसती मान हलवलीस तरी चालेल," असंही खाली लिहिलं आहेस. हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि पेरणीच्या शेंगा फोडत बसले. सूपभर शेंगा फोडून झाल्यावर पत्र पुन्हा उघडलं, तरी तेच लिहिलेलं होतं.

तू शहरात राहून विसरला असशील म्हणून लिहिते, नाहीतर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. थोरला मुलगा राखेची कुंडी डोक्यावर धरतो, एका फटक्यात जमिनीवर फोडतो, तेव्हाच शवपेटी अंगणातून हलते. आणि ज्याने कुंडी फोडली, घर त्याचं, शेत त्याचं. तुला आईचा दिवस आठवतो का? तुला मिशनच्या शाळेतून बोलावून आणलं तेव्हा तिला अजून बोलता येत होतं. तिने तुझं मनगट धरलं आणि म्हणाली, "दलिन, तुझा देव तुझ्यापाशी, मी काही म्हणत नाही. पण माझ्यासाठी कुंडी तेवढी फोड रे. नाहीतर लोक म्हणतील, हिला मुलगाच नव्हता." तू रडलास. मी पाहिलं, खरंच रडलास. पण हो म्हणाला नाहीस.

मग त्या दिवशी अंगणात पेटी तयार, तिच्यापुढे कागद जळून कुंडीत राख झालेली, आणि तू हात मागे बांधून उभा. काका ओरडले, "अरे, तुझी आई आहे ती, शाळेतलं बाक नव्हे. वाक की जरा." तू सगळ्यांदेखत म्हणालास, "आईवर माझा जीव आहे, पण मेलेल्यांची पूजा मी करणार नाही." शेवटी काकांच्या दशुनने कुंडी उचलून आपटली. बाबा होते म्हणून घर राहिलं, पण विहिरीजवळचं शेत त्यांच्याकडे गेलं. त्यानंतर बाजाराच्या दिवशी बाबा चहाच्या दुकानात कधी बसले नाहीत. मीठ, तेल घ्यायचे आणि मागच्या वाटेने घरी यायचे.

मी तुझ्या शेजारी उभी होते, दादा. मीही गुडघे टेकले नाहीत. आत्याने मागून असा चिमटा काढला की दंड कितीतरी दिवस हिरवानिळा होता. "पोरगा वाया गेला तो गेला, हिलाही घेऊन बुडाला," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तू मला आदल्या दिवशी सांगितलं होतंस, की खरं एकदा कळलं की माणसाने मऊ व्हायचं नसतं. मला तेव्हा खऱ्याखोट्यातलं काय कळत होतं? मला तू कळत होतास. तेवढं मला पुरे होतं.

माझ्या पायांचं तर तुला आठवत असणारच. तू स्वतः कोमट पाणी आणलंस, पाय चिमुकले राहावेत म्हणून आईने बांधलेल्या पट्ट्या एकेक करून सोडल्यास, आणि त्या वासाने नाक मुरडलं नाहीस. आई जिवंत असती तर तिने तुझ्या डोक्यात लाटणं घातलं असतं. मी कळवळून रडत होते आणि तू म्हणत होतास, "देवाने पाय चालायला दिलेत, वानरू, शोभेला नाही." वळलेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत हे तुझ्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ना धड बांधलेले, ना धड मोकळे, असे पाय घेऊन मी आजवर चालते आहे. पण त्या दिवशी मला वाटलं होतं, जगात असा भाऊ कुणाला नसेल. हे मी अजूनही खोटं म्हणत नाही, आणि म्हणूनच मला एवढा संताप येतो.

पुढे यिनांच्या घरी ठरलेलं माझं लग्न मोडलं. स्थळं जुळवणारी बाई आपल्या दारात बसून म्हणाली, "पाय एवढाले, आणि सासरच्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे वाकणार नाही म्हणते. ही सून आहे की जकातीवरचा शिपाई?" तू जिनानहून लिहिलंस, "धीर धर, देव याहून चांगलं काही ठेवून असेल." देवाने माझ्यासाठी बायबल-बाईचं काम ठेवलं होतं. मी ते आनंदाने केलं, उगाच रडगाणं गात नाही. गावोगाव फिरले, बायकांना अक्षरं शिकवली, गाणी शिकवली. वरच्या वाडीतली एक म्हातारी दरवेळी म्हणायची, "तुझा देव एवढा मोठा आहे तर तुला एखादं गाढव का देत नाही गं?" मी म्हणायचे, "आजी, गाढवं तर प्रत्येक गावात भेटतात, वेगळं कशाला मागू?" मग ती मला लाल बोरं घातलेली राळ्याची पेज वाढायची. माझं असं चाललं होतं. तू शहरात बायको आणलीस, तुला मुलगे झाले, आणि मी बाबांजवळ राहिले.

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं हे तुला माहीत आहे. जेवायला वेगळे बसायचे. ज्वारीचं धिरडं आणि कांद्याची पात मी समोर ठेवली की आधी भिंतीकडे तोंड करायचे. पूर्वेच्या खोलीत मी बायकांचा वर्ग घेऊ लागले तेव्हा वाटलं, आता आपल्याला काठीने हाकलतात. हाकललं नाही. उलट खिडकीबाहेर टोपल्या विणायला बसू लागले. आम्ही गाऊ लागलो की खोकायचे, आणि आम्ही थांबलो की म्हणायचे, "काय गं, मेलात की काय सगळ्या?" पुढे पुढे खोकणं कमी झालं. एका हिवाळ्यात त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तोच प्रश्न त्यांनी पाळकांनाही विचारला. तो कोणता, ते शेवटी लिहिते. त्यानंतर वसंतात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तू पत्रातून अभिनंदन केलंस. का घेतला, हे मात्र तू कधी विचारलं नाहीस.

बाप्तिस्म्याच्या दिवशी तू नव्हतास, म्हणून तुला ठाऊक नसेल. उपासना संपल्यावर बाबा उठले आणि ल्वान आजींसमोर जाऊन उभे राहिले. लाल फेटे बांधून पोरं गावोगाव ख्रिस्ती घरं जाळत फिरली त्या वर्षी आजींचं घर गेलं आणि नवराही गेला, हे आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. बाबा म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुमच्या दारात फेटा बांधून मीही होतो. मी काडी लावली नाही. पण मी पाणीही आणलं नाही." आजी म्हणाल्या, "तू होतास ते मी तेव्हाच पाहिलं होतं. बस खाली, पाय दुखत असतील." एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या घरावरून जाताना कधी एक शब्द काढला नव्हता. आणि अशा बाबांचं मन शेवटी वळलं, असं मी पंचांना सांगायचं.

कुळातल्या लोकांनी बाबांचं नाव वंशावळीतून काढलं. सरूच्या झाडांखाली, आईच्या शेजारी त्यांना पुरायची जी जागा होती ती गेली. बाबांनी आपणहून टेकडीवरच्या ख्रिस्ती लोकांच्या जागेत एक कोपरा निवडला, आणि जमीन कोरडी आहे का ते पाहायला तिथे एक अख्खी दुपार बसून राहिले. परत येऊन म्हणाले, "पाणी धरत नाही. शेजारीही बोलके दिसत नाहीत." नव्या वर्षाला तू आलास तेव्हा त्यांनी तुला समोर बसवून सांगितलं, "जाळायला कागदाचे घोडे नकोत, सनई नको, कुंडी नको. तुला आईच्या वेळी जो त्रास झाला तो माझ्या वेळी व्हायला नको. गाणं म्हणा आणि मला वर नेऊन ठेवा. घर जातंय तर जाऊ दे." तू त्यांचे हात हातात घेतलेस आणि हो म्हणालास. मी चुलीपाशी होते. माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं.

मग तो दिवस. पाळक तालुक्याहून चालत आले होते, आपली मंडळी अंगणात उभी होती, ल्वान आजींनी गाण्याला सुरुवातही केली होती. तेवढ्यात फाटकातून सनईवाले आत आले. मला वाटलं, घर चुकले. मी त्यांना अडवायलाही गेले, "अहो, इथलं नाही, इथे गाणी आहेत." त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "मौ मास्तरांनीच बोलावलंय, बाई. काल बोलणं झालंय." मी वळले. तू बाजूच्या खोलीतून बाहेर येत होतास. अंगात सुतकाचे तागाचे पांढरे कपडे, कमरेला गवताची दोरी, हातात कुंडी. मागे काका आणि दशुन. काका हसत होते, दादा. मयताच्या घरी हसत होते. "आता कसं," म्हणाले, "पोरगा घरी आला."

मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. तू माझ्याकडे न बघता हळूच म्हणालास, "वानरू, तमाशा करू नकोस. कुंडी फोडली नाही तर घर दशुनला जातं. माझ्या मुलांनी काय करायचं? आणि हे नुसतं मडकं आहे. मनात काय आहे ते देवाला कळतं." मी बाजूला झाले. कुणी मला ढकललं नाही. तू कुंडी डोक्यावर घेतलीस आणि एका फटक्यात फोडलीस. चुलत वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "शहरात राहिले, पण हात विसरले नाहीत हो." पाळकांनी गाण्याचं पुस्तक सदऱ्यात घातलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. आपले लोक एकेक करून त्यांच्या मागे गेले. सनईच्या आवाजात ल्वान आजी अजून गात होत्या, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात घोळवते आहे. ते नुसतं मडकं होतं, ठीक. मग आईच्या वेळी ते नुसतं मडकं का नव्हतं? तिने तर तुझं मनगट धरून मागितलं होतं. जिने मागितलं तिला तू दिलं नाहीस, आणि ज्यांनी नको म्हणून सांगितलं त्यांच्या डोक्याशी नेऊन फोडलंस. आईच्या वेळी त्यात देवाचा प्रश्न होता आणि बाबांच्या वेळी घराचा, असं असेल तर तसं सरळ म्हण. मी त्या मडक्यापायी आईला दुखावलं, यिनांचं घर गमावलं, या पायांनी एवढे डोंगर चढले. ते नुसतं मडकं असेल तर मला माझी सगळी वर्षं परत दे.

घर तुझं झालं. तू ते धान्याच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलंस, पूर्वेच्या खोलीत आता पोती आहेत. मी ल्वान आजींकडे राहते. बायकांचा वर्ग त्यांच्या स्वयंपाकघरात भरतो. धुराने डोळे चुरचुरतात, पण कुणी वर्ग चुकवत नाही. पोती ठेवली याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की तू कुंडी फोडलीस म्हणून कुळाने वंशावळीत नाव परत घातलं, बाबांना सरूंच्या झाडांखाली आईच्या शेजारी पुरलं. आजी म्हणतात, "जाऊ दे गं, आईजवळ तरी आहे." हे ऐकून मला क्षणभर बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचा राग येतो, कारण बाबांनी ती जागा आपल्या मर्जीने सोडली होती. मी तुझ्या घरासाठी तुझ्याशी भांडले नसते, दादा. तू मला आदल्या दिवशी सांगितलं असतंस, "वानरू, मला धीर होत नाही, मला घर हवंय," तर मी रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या, आणि कदाचित तुझ्या मुलांकडे बघून गप्पही बसले असते. पण तू काकांना सांगितलंस, सनईवाल्यांना सांगितलंस, मला नाही. आणि आता वर त्या मेलेल्या माणसाच्या तोंडात त्याने न बोललेला शब्द तू घालतो आहेस.

तो रविवार काल झाला. पंच आले. चांगली माणसं आहेत, पेज पिऊन वाटी स्वतः विसळून ठेवली. मी मान हलवली नाही. मी सांगितलं, की बाबांनी कुंडी नको म्हटलं होतं, तुझ्यासमोर म्हटलं होतं, आणि तू हो म्हणाला होतास. ते तुला पंच करणार नाहीत असं मला वाटतं. हे तुला त्यांच्याकडून, भर मंडळीत उभं राहून कळू नये म्हणून आजच लिहिते आहे. मला तसं कळलं होतं, आणि ते कसं लागतं ते मला माहीत आहे. निघताना त्यांच्यातल्या धाकट्याने विचारलं, "बाई, तुमच्या वडिलांनी एवढ्या उतारवयात बाप्तिस्मा का घेतला?" मी म्हटलं, "ते घरचं आहे." ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. ते तुला सांगायला हे पत्र आहे. त्या हिवाळ्यात बाबांनी मला आणि मग पाळकांना विचारलं होतं, "आमचे सगळे मेलेले एका ठिकाणी आणि तुमचे दुसऱ्या ठिकाणी, असंच ना? मग दलिनची आई एकीकडे, दलिन दुसरीकडे. मी मेलो की कुणाकडे जाऊ?" मग कितीतरी दिवसांनी, जेवताना, बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "तुझ्या आईजवळ माझे आईबाप आहेत, आजे आहेत, सगळे मौ आहेत. तिचं निभेल. पण दलिन त्या तुमच्या ठिकाणी जाईल तेव्हा तिथे आपलं माणूस कोण असेल त्याचं? मी आधी जाऊन बसतो." तुझी सोबत व्हावी म्हणून ते आईला सोडून गेले, दादा, आणि तू तिथे जाणारच नाहीस.

तुझी धाकटी बहीण,
वानरू